‘सपोर्ट नाही’ म्हणून वेबकॅम कपाटात टाकू नका



गणपतीला येणारे चाकरमानी शाळेसाठी काही ना काही घेऊन येतात. कधी वह्या, कधी मुंबईत वापरून झालेला संगणक आणि त्याच्यासोबत पिशवीत एक जुना वेबकॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे असे संगणक आता आणखी येतील. त्यांवर लिनक्स टाकलं की ते छान चालतात. वेबकॅमच्या खोक्यावर मात्र फक्त विंडोजचं नाव असतं. लगेच कोणीतरी म्हणतं, “सर, ह्यो लिनक्सवर चलाचो नाय.” आणि कॅमेरा कपाटात जातो.

माझं म्हणणं असं की हा निकाल फार घाईचा आहे. खोक्यावर लिनक्स लिहिलेलं नाही याचा अर्थ एवढाच, की कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला नाही. दुसऱ्या कोणी तो लिहिलेला असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोच.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्यावरचं नाव विसरा. आपल्याकडे एकाच मुलाचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि घरात तिसरंच असतं. शेवटी आपण सरलमधला क्रमांक बघतो. कॅमेऱ्यालाही तसा क्रमांक असतो. टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या. जोडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या दिसतील. पहिली जोडी कंपनीची, दुसरी वस्तूची. ‘०एसी८:३०१बी’ असं दिसलं तर आतली चिप झेड-स्टारची झेडसी०३०१ आहे, बाहेर नाव कोणाचंही असो. नेटवर शोधायचं ते या क्रमांकाने.

अशा जुन्या चिपसाठी लिनक्समध्ये ‘जीएसपीसीए’ नावाचं ड्रायव्हरचं कुटुंब आहे. त्याचं मूळ काम मिशेल झार या फ्रेंच गृहस्थांनी केलं. पेशाने ते वैद्यकीय डॉक्टर! फावल्या वेळात त्यांनी दोनशेहून जास्त कॅमेरे चालते केले. २००८ मध्ये हे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, आले. त्याच वर्षी ‘यूव्हीसी’ या सामायिक पद्धतीने चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा ड्रायव्हरही आला. म्हणून पुष्कळदा काहीच बसवावं लागत नाही.

मग अडतं कुठे? ड्रायव्हर असतो, दिवा लागतो, पण चित्र काळं किंवा हिरवट येतं. इथे लोक हात टेकतात. खरं तर कॅमेरा चालू झालेला असतो. जुन्या चिपा चित्र आपल्याच पद्धतीने दाबून पाठवतात आणि समोरच्या प्रोग्रामला ती पद्धत उलगडत नाही. त्यासाठी ‘लिबव्हीफोरएल’ नावाचा दुभाषा आहे. ‘जीयूव्हीसीव्ह्यू’ हा प्रोग्राम तो वापरतो, म्हणून आधी त्यात चित्र बघा. तिथे दिसलं आणि दुसरीकडे नाही, तर तो दुसरा प्रोग्राम ‘एलडी प्रीलोड’ने दुभाष्यासकट सुरू करायचा. आपलं खातं ‘व्हिडिओ’ या गटात आहे ना, तेही बघून घ्या.

आणि हो, कॅमेरा हबला न लावता कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पुढचे पोर्ट कधी गंजतात ते कळतही नाही. दोष मात्र लिनक्सला!

सगळेच कॅमेरे चालतील असं मी म्हणणार नाही. क्रमांक शोधूनही कुठे काहीच सापडत नसेल तर दोन संध्याकाळींपेक्षा जास्त वेळ देऊ नका. ड्रायव्हर नव्याने लिहिणं हे आपलं काम नव्हे. नवा घ्यायचा झाला तर दुकानात ‘यूव्हीसी आहे का’ एवढं विचारा. मात्र कॅमेरा चालेना म्हणून चोरीचं विंडोज टाकायला माझा ठाम विरोध आहे. मुलांसमोर आपण काय करतो ते मुलं बघत असतात.

“एवढं करून मिळतं काय? चित्र तर ६४० बाय ४८०!” असं कोणी विचारेल. वर्गाला तेवढं पुरतं. कॅमेरा स्टँडला उलटा बांधून खाली जास्वंदीचं फूल ठेवलं की परागकोश मागच्या बाकापर्यंत दिसतात. १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या आठवणीत हेलियम दिन साजरा होतो. भाषणात वर्णपटातली पिवळी रेषा येते, पण मुलांनी वर्णपट बघितलेला नसतो. सीडीचा तुकडा, बारीक फट ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं आणि हा वेबकॅम घेतला, की सीएफएल दिव्याच्या सुट्या रंगरेषा पडद्यावर येतात. सूर्याकडे मात्र खोकं अजिबात रोखू नका.

हे काम सहावी-सातवीच्या मुलांच्या हातून करून घ्या. क्रमांक वाचणं, शोधणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं, आणि काय झालं ते वहीत लिहिणं. तालुक्याहून माणूस बोलावला तर तो “नवीन घ्या” म्हणून जातो, आणि मुलांच्या वहीत काहीच राहत नाही.

कॅमेरा चालला की त्याचा क्रमांक आणि वापरलेली आज्ञा कागदावर लिहून चिकटपट्टीने कॅमेऱ्याच्या वायरलाच लावा. आपली बदली झाली तरी पुढच्या बाईंना किंवा सरांना ती तिथेच सापडेल.