उस्ताद नाशकात, शागीर्द परदेशात

परदेशी गेलेल्या कुटुंबाला पहिली काही वर्षे घर, नोकरी आणि थंडी यांची चिंता असते. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की चिंतेचा विषय बदलतो. इंग्रजी त्याला आपोआप येते, गणितही शाळा शिकवते. पण आजी-आजोबांच्या घरी जे न शिकवता येत होते, ते आता कोण शिकवणार? मराठी हिंदू कुटुंबात हा प्रश्न शुभंकरोती आणि रामरक्षेपाशी येऊन थांबतो. मुसलमान कुटुंबात तो कुरआनापाशी येतो. आणि गेल्या काही वर्षांत त्याचे जे उत्तर सापडले आहे, त्याचे एक टोक आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे. जुन्या नाशकातल्या किंवा मालेगावातल्या एखाद्या खोलीत रात्री साडेदहाला दिवा लागलेला असतो, समोर संगणक असतो, आणि हजारो मैलांवरचे एक पोर ‘अलिफ, बा, ता’ म्हणत असते.

मुसलमान नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. मुसलमान घरात ‘मूल कुरआन शिकते’ असे म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘ते अरबी लिपी शुद्ध वाचायला शिकते’ एवढाच असतो. याला नाजरा म्हणतात. आधी कायदा, म्हणजे अंकलिपी. मग अक्षरांची जोडणी. आणि मग तीस पारे, म्हणजे तीस भाग. एकूण ११४ अध्याय. घरी अभ्यास नीट झाला तर दोन-चार वर्षांत मूल पहिली फेरी पुरी करते. त्यापुढे जाऊन जो सगळा ग्रंथ तोंडपाठ करतो तो हाफिज. अर्थ कळणे ही तिसरी, वेगळी पायरी. तिच्याकडे पुढे येऊ.

वाचायला शिकायचे तर पुस्तक पुरे नाही का? नाही. अरबीत ‘कल्ब’ असा एक शब्द आहे. त्यातला क घशाच्या मुळातून काढला तर अर्थ होतो हृदय. आपण नेहमी म्हणतो तसा पुढे काढला तर अर्थ होतो कुत्रा. मराठी लिपीत दोन्ही शब्द सारखेच लिहावे लागतील. इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलाच्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही. आपल्या ळ चे तिकडे जे होते तेच. ‘मूळ’ आणि ‘मूल’ यांत काय फरक, असे अमेरिकेत जन्मलेले मराठी पोर खरोखरच विचारते. कोणते अक्षर कंठातून, कोणते जिभेच्या टोकावरून, कोणता स्वर किती लांबवायचा, याचे एक संपूर्ण शास्त्र आहे. त्याला तजवीद म्हणतात. ते गुरुमुखातूनच यावे लागते. गोदाकाठी किंवा त्र्यंबकेश्वरी वेदपाठशाळा पाहिलेल्या नाशिककराला हे वेगळे सांगायला नको. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी जी काळजी वेदाच्या अक्षराची घेतली गेली, तीच जातकुळी इथे आहे. ज्याने शिकवले त्याला कोणी शिकवले, त्याला कोणी, अशी परंपरा सांगता येणे हे कुरआनाच्या उस्तादाचेही भूषण असते.

आमच्या लहानपणी ही सोय गल्लीतच होती. शाळेच्या आधी किंवा नंतर मशिदीतल्या मकतबात जायचे, लाकडी रेहलवर पुस्तक उघडायचे आणि तासभर डोलत म्हणायचे. मौलवीसाहेब एकेकाला पुढे बोलावून सबक, म्हणजे आजचा धडा, ऐकत. बाकीची पोरे आपापला धडा मोठ्याने घोकत, आणि त्या गलक्यातूनही एखाद्याची चूक त्यांच्या कानाला बरोबर लागे. छडीही असे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मकतबात कुरआनाखेरीज बरेच काही मिळत होते. चपला रांगेत काढणे, वडीलधाऱ्यांना आधी सलाम करणे, ईदच्या आदल्या दिवसाची धांदल, शेजारच्या पोराशी भांडण आणि समेट. यातले काहीही अभ्यासक्रमात नव्हते.

ब्रिटनमध्ये जिथे मुसलमानांची दाट वस्ती आहे तिथे संध्याकाळचे मदरसे आहेत. शाळा सुटली की घरी येऊन चार घास खायचे आणि पाच ते सात मदरशात बसायचे, असा हजारो मुलांचा क्रम. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो. आईवडील दोघेही कामावर. मुलाला नेणार-आणणार कोण? अमेरिकेत अंतरेच मोठी. मशीद गाडीने पाऊण तासावर असेल तर रविवारच्या एका वर्गावर भागवावे लागते, आणि आठवड्यातून एकदा घेतलेला धडा पुढच्या रविवारपर्यंत विसरला जातो. अशा घरांना दूरचा उस्ताद पडद्यावर भेटला तर ते त्याला नको कशाला म्हणतील?

यंत्राशी कुरआनाचे नाते नवे नाही. १९२४ साली कैरोत छापलेली प्रत पुढे जगभर प्रमाण मानली गेली. तिथेच १९६०-६१ च्या सुमारास महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनाचे ध्वनिमुद्रण झाले, आणि १९६४ मध्ये कैरो रेडिओने केवळ कुरआनासाठी वेगळे केंद्र सुरू केले. मग कॅसेट आल्या. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या माणसांनी त्या बॅगा भरून आणल्या. पण रेडिओ आणि कॅसेट ऐकवत होती, ऐकत नव्हती. पोराची चूक तिला कळत नव्हती. स्काइपने ती उणीव भरून काढली. ते स्काइप २०२५ च्या मे महिन्यात बंदही झाले, पण तोवर सवय लागली होती. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने मशिदी आणि मदरसे बंद केले, तेव्हा जे आधी थोड्या घरांत चालले होते ते घरोघर पोचले. साथ ओसरली, पण अनेक घरांतला पडदा काही मिटला नाही.

आता या टोकाकडे पाहू. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून आलेल्या विणकरांनी ते वाढवले, आणि मागाबरोबर मदरशांचीही परंपरा वाढली. मुलींसाठीच्या जामियातुस सालेहातसारख्या संस्थेमुळे तिथे शिकलेल्या बायकांची संख्याही मोठी आहे. यातल्या अनेकींना घराबाहेर पडून नोकरी करणे शक्य नव्हते. पडद्यावरच्या शिकवणीने त्यांना घरबसल्या मिळकत दिली, आणि परदेशातल्या आयांना मुलींसाठी स्त्री-शिक्षिका मिळाली. हा फायदा लहान नाही.

पण घड्याळ कोणाचे चालते? लंडनमध्ये संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन किंवा अडीच. त्यांची घड्याळे वर्षातून दोनदा पुढे-मागे होतात, तीही दोन्ही देशांत वेगवेगळ्या तारखांना. आपली होत नाहीत. म्हणजे झोप मोडायची ती शिक्षिकेने. माझ्या परिचयाच्या एक आपा वडाळा भागात राहतात. रात्री ब्रिटनची दोन मुले, पहाटे अमेरिकेची दोन, मग फज्रची नमाज, मग स्वतःच्या मुलांचे डबे. फी परदेशात डॉलरमध्ये भरली जाते आणि मधली संस्था आपला वाटा कापून उरलेले रुपयांत पाठवते. किती कापले हे आपांना कधी सांगितले गेले नाही, आणि मूल आजारी पडून तास बुडाला तर तेवढे पैसेही बुडतात. कुरआन शिकवण्याचा मोबदला मागावा की नाही याचा संकोच या लोकांना जात्याच असतो. त्या संकोचावर कोणी धंदा करू नये.

शिकणाऱ्याच्या बाजूचा जमाखर्च मांडायचा तर जमेची बाजू भरीव आहे. मकतबात चाळीस पोरांत एकाच्या वाट्याला दोन मिनिटे येत. इथे पूर्ण अर्धा तास एकट्याचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. छडी नाही. लाजाळू मूलही बोलते. आईला बाजूला बसून ऐकता येते, आणि कित्येक आया मुलांबरोबर स्वतःही पुन्हा पहिल्यापासून शिकल्या आहेत.

खर्चाच्या बाजूला पहिली नोंद सोबतीची. पडद्यासमोर मूल एकटे असते. आपल्यासारखेच आणखी तीस जण हे शिकताहेत, हा दिलासा त्याला मिळत नाही. उलट शाळेतले बाकीचे सगळे खेळत असताना आपल्यालाच बसवले, असे वाटू लागते. दुसरी नोंद सुरक्षिततेची. कोण शिकवतो, त्याची चौकशी कोणी केली, हे परदेशातून पाहणे कठीण असते. म्हणून तास बंद खोलीत नको, बैठकीच्या खोलीत हवा, आणि घरातले मोठे माणूस कानावर पडेल इतक्या अंतरावर हवे. प्रामाणिक उस्तादाला याचा राग येत नाही. त्यालाही तेच सोयीचे.

तिसरी नोंद मला सर्वांत मोठी वाटते, ती अर्थाची. आमच्या पिढीनेही अर्थ न कळता वाचले. पण घरात रोज कोणी ना कोणी त्याचा अर्थ जगण्यातून सांगत होते. शेजारी उपाशी असताना आपण पोटभर जेवू नये, उसनवारीचा हिशेब लिहून ठेवावा, अनाथाच्या मालाला हात लावू नये, हे आजी उर्दूत, दखनीत, कोकणी मुसलमानांच्या घरी कोकणीत सांगे. परदेशातल्या मुलाला ती भाषाच राहिलेली नाही. त्याचा उस्ताद मोडक्या इंग्रजीत ‘इथे थांब, इथे लांबव’ एवढेच सांगू शकतो. मग मूल बिनचूक वाचते आणि त्यात काय आहे ते मात्र त्याला माहीत नसते. पंधराव्या वर्षी ते अर्थ विचारू लागते तेव्हा उत्तर द्यायला घरात कोणी मोकळे नसते. मग ते उत्तर जिथे मिळेल तिथून घेते, आणि तिथे काय मिळेल याचा भरवसा नसतो.

महाराष्ट्राला या बाबतीत एक चांगले उदाहरण आहे. विनोबांनी चाळिशीनंतर अरबी शिकून मूळ कुरआन वाचला, उच्चार नीट यावेत म्हणून कष्ट घेतले, आणि १९६२ मध्ये त्यातल्या निवडक वचनांचे सार प्रसिद्ध केले. त्यांनी उच्चार आणि अर्थ यांची फारकत केली नाही. जे वर्ध्याजवळच्या आश्रमात एका हिंदू साधकाला जमले, ते आपल्या घरातल्या मुलासाठी का जमू नये? कुरआनाचे मराठी अनुवाद आहेत, इंग्रजी तर पुष्कळ आहेत. तास संपल्यावर दहा मिनिटे बापाने किंवा आईने आजच्या चार ओळींचा अर्थ वाचून दाखवला, तर पडद्याची अर्धी उणीव भरून निघेल.

‘वेळ नाही’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. ते खोटे नाही. दोन नोकऱ्या, घराचे हप्ते, लांबचा प्रवास, सगळे खरे. पण अर्ध्या तासाची शिकवणी लावून जी मोकळीक मिळते ती स्वयंपाकाला आणि इस्त्रीला मिळते; मुलाला त्यातले काही मिळत नाही. शिकवणी विकत घेता येते, घरातले वळण विकत घेता येत नाही. हे फक्त मुसलमानांना लागू आहे असेही नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा स्वयंसेवक आईबाप रविवारी मोडून चालवतात. त्यांनाही हाच अनुभव आहे. ज्या घरी जेवताना मराठी बोलले जाते तिथली मुले शिकतात. ज्या घरी फक्त शाळेत सोडले जाते तिथली गळतात.

तेव्हा पडद्यावरच्या मकतबाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याने दूरच्या मुलाला उस्ताद दिला आणि इथल्या बाईला काम दिले. मागणे एवढेच की त्या उस्तादाला त्याच्या जागरणाचा रास्त मोबदला मिळावा, मध्यस्थाने हिशेब उघड ठेवावा, आणि तास चालू असताना घरातले एक तरी मोठे माणूस हातातले काम ठेवून मुलाशेजारी बसावे. नाशकातला उस्ताद अक्षर शिकवील. त्या अक्षराप्रमाणे वागायचे कसे, हे मूल आपल्याच घरात पाहून शिकेल.