करवत कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, आपल्या गटांनी आजवर किती शिलाई मशिनं वाटली याचा हिशोब बहुतेकींकडे असेल. करवती किती वाटल्या? आमच्या गटाचं उत्तर सांगते : एकही नाही. हा प्रश्न मला पडला तो कोंबड्यांच्या खुराड्यामुळे.

शहाडला आमच्या बैठ्या चाळीमागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे आम्ही तिघींनी दहा गावठी कोंबड्या पाळायचं ठरवलं. त्याला घरच्या कुणाची हरकत नव्हती. अंडी घरात येणार आणि घाण आम्हीच काढणार! पण खुराडंही आम्हीच बांधणार म्हटल्यावर सगळे हसले. दीर म्हणाले, "वहिनी, बोट कापून घ्याल. रविवारी बघतो मी." असे चार रविवार गेले. तोवर पिल्लं डालग्याखाली. त्यातली दोन घुशीने नेली. पाचव्या रविवारी आम्हीच करवत हातात घेतली.

पाडलेल्या घराचा एक दरवाजा, खिडकीची चौकट आणि खोक्यांच्या फळ्या असं जुनं लाकूड भंगारवाल्याकडून आणलं. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात रसायनांच्या पिंपांखालच्या फळ्याही मिळतात; डाग आणि वास असलेल्या फळ्या आम्ही परत केल्या. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. कोंबडी रंगाचे पोपडे टोचते आणि तेच अंड्यातून मुलांच्या पोटात जातं. म्हणून रंगवलेलं लाकूड घेतलंच नाही. जुने खिळे उपटून, ठोकून सरळ केले. खुराड्याला दोन फूट उंच पाय दिले. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर पाहिलेल्यांना दोन फूट म्हणजे काहीच नाही हे ठाऊक आहे; पण दर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यापासून बचाव होतो. तळाच्या फळ्यांत बोटभर फट ठेवली, म्हणजे शीट खाली पडते. बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी, आत बसायला आडवा दांडा, दाराला बाहेरून कडी. रात्रीपुरती दर कोंबडीला दीड-दोन चौरस फूट जागा पुरते.

यातलं कुठलं काम बाईच्या ताकदीबाहेरचं आहे? भरलेला सिलिंडर आम्ही उचलतो, तेव्हा कुणी बोट जपायला सांगत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. त्यांना दाणे घालणारे हात बहुतेक बायकांचे. त्याच वर्षीच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७, असं दिसलं. म्हणजे कोंबड्या दिल्या की बाईचं कामही वाढवलं. वर म्हणायचं, कोंबडी बाईची! मग पाहुणा आला की कुठली कापायची हे कोण ठरवतं? २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. अशा वेळी भरपाईच्या यादीत नाव कुणाचं लागतं, हे आपण कधी विचारलं आहे का?

ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं ती आपल्याला बांधता येणं, मोडली तर दुरुस्त करता येणं, ही मालकीच आहे. एरवी बिजागरी निखळली की पुन्हा कुणाच्या तरी रविवारची वाट.

काही जणी विचारतील, गरीब बाईने भंगारच वापरायचं का? प्रश्न रास्त आहे. जुनं लाकूड वापरण्यात कमीपणा नाही, पण ती सरकारची सोय होता कामा नये. 'बायका काय, भंगारातूनही करतात' म्हणत कुणी योजनेतून खुराड्याचा खर्च गाळला तर आपण भांडलंच पाहिजे.

एकटीने हे निभणारं नाही. राणीखेतच्या लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि फोडल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? दहा घरं एकत्र आली तरच लस पडते. हत्यारांचंही तसंच.

म्हणून माझं म्हणणं असं : कोंबड्यांच्या प्रत्येक योजनेत खुराड्याचे पैसे आणि सुतारकामाचं शिक्षण बाईलाच मिळावं, यादीत नाव तिचंच लागावं. आणि सरकार देईपर्यंत थांबू नका. आम्ही वर्गणी काढून करवत, हातोडी, पक्कड आणि गिरमिट घेतलं. ते गटाच्या कपाटात असतं. लागेल तिने वहीत नाव लिहून न्यावं, नवऱ्याचं नव्हे, स्वतःचं.