जीभ त्यांची, ताट आपले

'गाढवाला गुळाची चव काय?' ही म्हण मराठीच्या प्राध्यापकाला वर्षातून दहा वेळा तरी आठवते. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत तर रोजच. परंतु म्हणीच्या भरवशावर कोणाच्या जिभेविषयी मत बनवू नये, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. गाढव हे घोड्याचे सख्खे भाऊबंद. आणि घोडा गुळाच्या खड्यासाठी कसा मान पुढे करतो, हे पूर्वीच्या प्रत्येक टांगेवाल्याला ठाऊक होते. गाढवालाही गोड कळते. ज्याला गुळाची चव खरोखरच नाही, असा प्राणी उकिरड्यावर नसून आपल्या स्वयंपाकघरात, अगदी पाटाला पाठ लावून बसलेला असतो. तो प्राणी म्हणजे मांजर!

2005 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्राने ह्या गोष्टीचा छडा लावला. जिभेवर गोड ओळखणारी जी यंत्रणा असते ती दोन भागांची बनलेली असते. त्यांपैकी एक भाग तयार करणारे जनुकच मांजरात कायमचे बंद पडलेले आहे. वाघाची आणि चित्त्याचीही तीच गत. म्हणजे म्हण दुरुस्त करायची तर 'मांजराला गुळाची चव काय?' अशी करायला हवी. पण मग बासुंदीचे पातेले मांजर का चाटते? साखरेसाठी नव्हे, दुधातल्या स्निग्धांशासाठी आणि प्रथिनांसाठी. आपण ज्याला पक्वान्न म्हणतो त्यातले आपल्याला प्रिय असलेले तेवढेच तिला लागत नाही!

दिवाळी अंकांतून माणसांच्या जिभेचे लाड पुष्कळ होतात. चकली का मऊ पडली आणि अनारसा का हसला, ह्यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. म्हणून ह्या खेपेला हे सदर मी घरातल्या चार पायांच्या (आणि एका दोन पायांच्या) खवय्यांना द्यायचे ठरवले आहे.

पहिला मान धुळ्याचा. आमच्या सासरच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. जात विचाराल तर खानदेशी. ह्या मोत्याला गव्हाची पोळी चालत नाही. ती तो हुंगतो, आणि पाहुण्याने चहा नको म्हणावे तशी मान वळवतो. त्याला हवी कळण्याची भाकरी. ज्यांना खानदेश ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळले की कळणा होतो, आणि त्याच्या भाकरीला हिवाळ्यात तोड नसते. मोत्याला त्या भाकरीचा पापुद्रा नको, कडेचा कडक भाग हवा. आणि तोही सासूबाई स्वतः जेवायला बसल्याखेरीज तो तोंडात धरत नाही.

शेजारीपाजारी ह्याला मोत्याचा नखरा म्हणतात. मला त्यात दहा हजार वर्षांचा इतिहास दिसतो. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी लांडग्याची आणि कुत्र्याची जनुके शेजारी शेजारी ठेवून तपासली. पिष्टमय अन्न पचवणारा रस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती निघाल्या; कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत! माणूस शेती करू लागला, त्याच्या उंबरठ्याशी उष्टे पडू लागले, आणि ज्या कुत्र्याला ते पचले तो तिथे टिकला. ज्याला पचले नाही तो मागे पडला. तेव्हा मोत्याने भाकरीवर हक्क सांगितला तर तो वतनदारासारखा सांगतो, भिकाऱ्यासारखा नव्हे.

राहता राहिला सासूबाईंच्या बसण्याचा प्रश्न. इटलीतील मिलान येथील संशोधकांनी 2008 साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यापुढे दोन बशा ठेवल्या, एकीत खाऊ जास्त, दुसरीत कमी. एकट्याने निवडायचे असेल तेव्हा कुत्रा बहुधा जास्तीकडे जाई. पण मालकाने कमी खाऊच्या बशीचे कौतुक केले की कित्येक कुत्रे मुकाट्याने त्या बशीकडे वळत. आपल्याला काय आवडते हे कुत्रा आपल्या तोंडाकडे बघून ठरवतो! धुळ्याच्या घरात भाकरीची कड सर्वांत आवडीने खाणारी व्यक्ती कोण, हे मी वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता दोन पायांच्या खवय्याविषयी. माझ्या आजीच्या माहेरी, म्हणजे फार जुन्या काळी, पिंजऱ्यात राघू होता. तो मिरची खाई आणि 'विठ्ठल विठ्ठल' म्हणे. इतके तिखट खाऊन देवाचे नाव न घेऊन सांगतो कोणाला, असे आजोबा म्हणत. पण राघूला बिचाऱ्याला तिखट लागतच नव्हते. मिरचीतला जो पदार्थ आपल्या तोंडाला आग लावतो, त्याची जाणीव पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जवळजवळ होतच नाही. ह्यात मिरचीचे हित असते. उंदीर-घुशी बी चावून टाकतात. पक्षी ते अख्खे गिळतो आणि दूर नेऊन पेरतो. गंमत पुढेच आहे. मिरची मूळची अमेरिकेतली. पेरूही तिकडचाच. दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. म्हणजे राघूची म्हणून जी दोन खाद्ये आपल्या बालगीतांत आणि चित्रांत अढळपद मिळवून बसली आहेत, ती दोन्ही परदेशी! त्याआधी तो आपल्या जोंधळ्याच्या कणसावर सुखात होता, आणि अजूनही आहे. आपला हिरवा राघू पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तेच बरे आहे. मिरची त्याने शेतात येऊन खावी.

गाईबैलांचा विषय खानदेशात सरकीपासून सुरू होतो. कापसाचा मुलूख, म्हणून इथल्या गोठ्यात सरकीची ढेप. भिजवलेल्या ढेपेचा वास आला की म्हैस दावे तोडायला बघते. त्यातून जळगावाकडे केळीचा पाला आणि साली. जनावर असे अस्सल स्थानिक खाणे खाते, आणि वर्षातून एक दिवस पोळ्याला आपण त्याच्या तोंडात पुरणपोळी कोंबतो. बैलाला गोड आवडते ह्यात शंका नाही. परंतु त्याचे मोठे पोट म्हणजे चारा आंबवणारी भट्टी आहे. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म जीव राबत असतात. पुरणाचा आणि पिठाचा ढीग एकदम पडला की ती भट्टी आंबट होते, रवंथ थांबते, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची मोटारसायकल दारात उभी राहते. मानाचा घास एकच असावा. दहा घासांनी मान वाढत नाही, पोट फुगते.

आता मनीकडे येते, कारण खरा पेच तिने टाकला.

मनी आमच्या जळगावच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात आली ती रावेर तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या केळीच्या मळ्यातून. आल्या दिवशी तिने काय करावे? ह्यांनी सोललेल्या केळ्याकडे झेप घेतली आणि अर्धे केळे खाल्ले. आमच्या इमारतीत ही वार्ता तासाभरात पसरली. 'जळगावचं मांजर ते, केळंच खाणार!' हा विनोद त्या आठवड्यात मला सात जणांनी सांगितला. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात मांजराचाही समावेश आहे की काय, असे माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले.

जिला गोड कळतच नाही, ती केळे का खाते? ह्याचे उत्तर मला 1978 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात सापडले. तिथे काही मांजरींना मेंदूला सौम्य विद्युत्-उत्तेजन देऊन केळे खायला लावले होते. आश्चर्य पुढे घडले. त्यांच्या दूध सोडण्याच्या वयाच्या पिल्लांपुढे मांसाचे खाद्यही ठेवलेले होते. तरी आई केळे खाते म्हणून पिल्लेही केळे खाऊ लागली! मी रावेरला फोन केला. मनीची आई काय खाते? पलीकडून उत्तर आले, "बागेतली मांजर ती. पोरं केळं टाकतात, खाते. उंदीर तर धरतेच."

त्या शेवटच्या वाक्याचे महत्त्व मला चौथ्या दिवशी कळले. मनीला सुई टोचून आणायला आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "काय खाते?" ह्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "दूधपोळी, तूपभात आणि केळं. आमचं घर माळकरी आहे." डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, "घर माळकरी असेल. मांजर नसतं."

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. टॉरिन नावाचे एक द्रव्य असते. माणसाचे आणि बहुतेक कुत्र्यांचे शरीर ते स्वतः तयार करते. मांजराला ते पुरेसे करता येत नाही. ते तिला मांस-मासळीतूनच मिळते. वनस्पतींत ते जवळजवळ नसते, आणि दुधातले तिला पुरत नाही. ते मिळाले नाही तर हळूहळू डोळ्यांतला पडदा झिजतो आणि मांजर आंधळे होते. हृदयही दुबळे पडते; हे दुसरे दुखणे ह्याच कमतरतेमुळे होते, असे 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी सिद्ध केले. जुन्या वाड्यांत शाकाहारी घरची मांजर दूधपोळीवर जगते असे आपल्याला वाटे, कारण तिची उरलेली पंगत माळ्यावर आणि बळदात रात्री बसत असे. तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठला?

घरी सासूबाई होत्या. त्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी धुळ्याहून आल्या होत्या; एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. साठ वर्षे गळ्यात माळ. त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचे टरफलसुद्धा कधी आले नव्हते. हे म्हणाले, "आईला सांगायचं नाही. मनीला रावेरला परत पाठवू." मला ते पटेना, कोणी कोणाचे ताट लपवून वाढावे, हे काही घराचे लक्षण नव्हे. रात्री जेवताना मी सगळे सांगून टाकले.

सासूबाईंनी एकच प्रश्न केला. "डोये जातस?"

"हो आई. हळूहळू."

त्या काही बोलल्या नाहीत. हात धुऊन आत गेल्या. रात्री बराच वेळ त्यांच्या खोलीत दिवा होता. सकाळी मी चहा नेला तर मनी त्यांच्या मांडीवर, आणि त्यांचा उघडा डोळा मनीच्या डोळ्यांकडे.

"देवनी तिले तशीच करेल शे," त्या म्हणाल्या. "जीभ तिनी शे, आपली नही."

अटी अर्थातच होत्या. मनीचे खाणे गॅलरीत. तिची बशी वेगळी, चमचा वेगळा, तो घासायची घासणीही वेगळी. ह्यांनी धीर करून विचारले, "आई, आणि एकादशीला?" सासूबाईंनी लेकाकडे असे पाहिले, की पन्नाशीला आलेला माणूस पाचवीतला झाला. "उपास मना शे, तिना नही."

पुढचे सांगायला हवे. दुकानातून मासळीच्या खाद्याची पाकिटे आली. मांजराला थंडगार खाणे आवडत नाही. ताज्या शिकारीइतके कोमट असले की वास उठतो आणि ती खाते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सकाळी महाविद्यालयाची घाई. तेव्हा गॅलरीत बसून, नाकाला पदर लावून, त्या खाण्यात चमचाभर ऊन पाणी कालवण्याचे काम कोणी केले असेल? पट्टी निघेपर्यंत रोज सासूबाईंनी केले. एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात चमचा. शाकाहार सोडणे म्हणजे काय आणि पाळणे म्हणजे काय, ह्यावर मी वर्गात संतवाङ्मयाच्या तासाला पुष्कळ बोलले असते. पण तो चमचा पाहिल्यापासून मी त्या विषयावर थोडक्यात बोलते. मनीला डॉक्टरांनी अंगठ्याएवढे केळे अधूनमधून चालेल म्हटले आहे. ते ती आजही आईची आठवण असल्यासारखी खाते.

दिवाळीच्या तोंडावर एवढी कहाणी सांगण्याचे कारण असे, की ह्या चार दिवसांत आपले हात फार सैल सुटतात. चिवड्यातले बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट त्याला विषासमान आहे. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आमचे खानदेशी भरीत, कांद्याच्या पातीसकट कितीही लाडके असले, तरी ते मोत्याच्या ताटात नको. शेवभाजीचा रस्सा तर मुळीच नको. तो शेपूट हलवील, डोळ्यांत पाणी आणील. आपण मागितले म्हणजे ते हिताचेच, अशी त्याची श्रद्धा असते. निवड त्याला करता येत नाही. ती आपल्याला करावी लागते.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. ती वाटी आपल्या हातून सुटू नये. फक्त तूप बेताचे असावे, आणि पुढे धावणारा कुत्रा आहे की मांजर, एवढे एकदा पाहून घ्यावे. वसुबारसेला गाईपुढे घास धराल तेव्हा तोही एकच धरा. उरलेले पुरण माणसांसाठी ठेवा. आपल्याला गुळाची चव चांगली कळते.