घरांतील कुंड्या आणि बीडचें पाणी

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगांव या गांवांतून जुने वाडे पडले, त्यांच्या जागीं दोन-तीन मजली घरें उभीं राहिलीं, आणि अंगणाबरोबर पारिजातक व कण्हेरही गेली. अंगण गेलें तरी हिरव्या पानाची ओढ जात नाहीं. म्हणून झाडें आतां दिवाणखान्यांत आणि जिन्याच्या कोपऱ्यांत येऊं लागलीं आहेत. या हौसेला आमचा मुळींच विरोध नाहीं. मात्र कोंकणच्या दमट हवेंत जें झाड दुर्लक्ष केलें तरी फोफावतें, तें पर्जन्यछायेंतील आमच्या जिल्ह्यांतही तसेंच वागेल, अशी अपेक्षा करणें रास्त नव्हे.

निवड करतांना प्रथम झाडाकडे न पाहतां खोलीकडे पाहावें. दुपारीं दिवा न लावतां ज्या जागीं वर्तमानपत्र सहज वाचतां येतें, तेथें मनीप्लँट किंवा स्नेकप्लँट चालेल. ज्या माजघरांत भर दुपारीं दिवा लागतो, तेथें कोणतेंही झाड जगत नाहीं. तें सावकाश मरतें इतकेंच. तुळशीविषयीं आम्हांला वारंवार विचारणा होते. तुळस देवघराशेजारीं असावी ही भावना आम्हांला समजते, परंतु तिला रोज कांहीं तास प्रत्यक्ष ऊन लागतें. पूर्वेच्या वा दक्षिणेच्या सज्ज्यांत जागा असेल तर तेथेंच तिचें वृंदावन करावें.

नवशिक्यानें स्नेकप्लँटपासून सुरुवात करावी. तो मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. जाड पानांत व कंदांत पाणी साठवितो, आणि दोन-तीन आठवडे कोणी विचारलें नाहीं तरी रुसत नाहीं. क्षत्रियाची मेखला ज्या मूर्वेच्या दोरीची करीत, ती मूर्वा कोणती याविषयीं वैद्यांत एकमत नाहीं. पण कांहीं जण तिला या झाडाचीच भारतीय बहीण मानतात. पानांतील चिवट धागा पाहिला म्हणजे धनुष्याच्या दोरीला मौर्वी कां म्हणत, हें मुलांना समजावून सांगावें लागत नाहीं.

विक्रेते मात्र या झाडाच्या माथीं भलतेंच थोरपण मारतात. तें खोलीची हवा शुद्ध करतें, असें सांगून एका कुंडीला चार कुंड्यांचें मोल घेतात. या समजुतीचा उगम अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ सालच्या प्रयोगांत आहे; परंतु ते प्रयोग लहान बंद पेट्यांत झाले होते. २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हां असें निघालें कीं, खिडकीवाटे सहज होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटरला निदान दहा झाडें, आणि कदाचित् शेंकडों, ठेवावीं लागतील. मग माणसांनीं कोठें बसावें? त्यापेक्षां खिडकी उघडावी.

आतां मुख्य गोष्ट, पाण्याची. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. लावलेल्या वृक्षांना उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें, पावसाळ्यांत मात्र भूमि सुकली म्हणजे द्यावें, असें तो सांगतो. घरांतील कुंडीला यांपैकीं पावसाळ्याचाच नियम बाराही महिने लावावा, असें आमचें मत आहे. बोट दोन पेरें मातींत खुपसावें. ओल लागली तर तांब्या परत ठेवावा. मुळांनाही हवा लागते, आणि सदा चिखलांत राहिलेलीं मुळें कुजतात. एकत्र कुटुंबांत हा धोका विशेष. सकाळीं आजी पुण्य म्हणून पाणी घालतात, दुपारीं सूनबाई कर्तव्य म्हणून, संध्याकाळीं मुलें खेळ म्हणून. आणि पानें पिवळीं पडलीं कीं ‘पाणी कमी पडलें’ म्हणून काका आणखी घालतात! प्रत्येक कुंडी घरांतील एकाच व्यक्तीच्या नांवें करून द्यावी आणि इतरांनीं तिला हात लावूं नये.

शेतांतली काळी माती तशीच कुंडींत भरूं नये. ती भिजली कीं फुगते, वाळली कीं कडेनें फाटते, आणि वरचें पाणी भेगेंतून सरळ तळाशीं जातें. तिच्या एका वाट्याला दोन वाटे जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक वाटा चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. बोअरच्या जड पाण्यानें मातीवर पांढरा थर धरतो व पानांचीं टोकें करपतात; पावसाळ्यांत कुंड्या दोन-चार वेळां गच्चीवर भिजूं दिल्या म्हणजे क्षार धुवून जातात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून जें टाकाऊ पाणी निघतें, त्यांत क्षार अधिकच असतात. तें काटकसर म्हणूनही झाडांना घालूं नये. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी मात्र खुशाल घालावें. उन्हाळ्यांत कूलरच्या झोतासमोर कुंडी नसावी.

दोन इशारे दिल्याशिवाय राहवत नाहीं. मनीप्लँटची बाटली आणि कुंडीखालची बशी आठवड्यांतून एकदां पूर्ण रिकामी करून घांसावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यांत वाढतो. दुसरें, ज्या घरांत रांगतें मूल आहे तेथें पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचें डिफेनबॅकिया नको. तें अळूच्या कुळांतलें. अळूची खाज ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळें सुटते, तेच त्यांतही असतात. पण अळूला आपण शिजवितों, चिंच घालतों, मूल मात्र पान कच्चेंच चावतें. जीभ व घसा सुजून बोलणें, गिळणें कठीण होतें. मनीप्लँट त्याच कुळांतला, म्हणून तोही उंच टांगावा. कोणी पान चावलेंच तर तोंड पुसून, चूळ भरवून तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

राहतां राहिला अवर्षणाचा प्रश्न. २०१६ सालीं आमच्याच जिल्ह्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पिण्याचें पाणी टँकरनें येत असतां कुंड्यांना तांब्या ओतणें शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपतें, आणि तें खुपावें हेंच योग्य. अशा सालीं फाल्गुनांतच कुंड्या निवडाव्या. स्नेकप्लँट ठेवावा, त्याला धुण्याच्या डाळीचें पाणी पुरतें. मनीप्लँटच्या दोन पेरांच्या दोन फांद्या एका बाटलींत लावून घ्याव्या. बाकीचीं झाडें ज्यांच्या विहिरीला पाणी आहे अशा आप्तांकडे पोंचतीं करावीं, आणि मृगाचा पाऊस पडला कीं एक-एक फांदी मागून आणावी.