डांबर सोडून पाणंदीने

अजिंठा लेण्यांकडे निघालेल्या खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबतात. पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जायचे. धुरापासून चित्रे जपण्याची ही काळजी फाट्याअलीकडच्या शिवारालाही मिळावी, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून हा सायकल विशेषांक.

फ्रान्सच्या ग्रामीण भागात बंद पडलेले रेल्वेमार्ग आणि कालव्यांचे काठ सायकलींसाठी खुले झाले. आपल्याकडे पाणंदी आणि गाडीवाटा आहेतच. रुंद टायरच्या ग्रॅव्हल सायकलला मुरूम मानवतो; पावसाळ्यात मात्र काळी माती चाक धरते.

या अंकात सोयगाव-वेताळवाडी परिसरातल्या वाटा, सायकलींची निवड आणि शेतकऱ्यांची वहिवाट सांभाळण्याची शिस्त यांवर भर आहे. तुमच्या गावची निवांत वाट कोणती? आम्हाला जरूर लिहा.