गंगेतील हिल्सा आणि मोजणीतून सुटलेला मच्छीमार

गंगेत मत्स्यबीज सोडल्याच्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. घाटावर छोटासा मंडप, मान्यवरांच्या हाती बोटुकल्यांनी भरलेले भांडे आणि शीर्षकात सोडलेल्या माशांचा आकडा, असे या बातमीचे ठरलेले रूप. ‘नमामि गंगे’ कार्यक्रमांतर्गत रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांची लाखो पिल्ले नदीत सोडली गेली आहेत. फराक्का बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला हिल्साही सोडला जात आहे. पश्चिम बंगालमधील बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था या कामाची वैज्ञानिक बाजू सांभाळते. काम गरजेचे आहे, याविषयी शंका नाही. परंतु या बातम्यांत एक प्रश्न क्वचितच आढळतो. सोडलेल्यांपैकी किती मासे वाढले आणि नदीवर पोट असणाऱ्यांच्या जाळ्यात आले? हा प्रश्न जितका उपजीविकेचा, तितकाच विज्ञानाचा आहे.

हिल्सा हा भारतीय उपखंडाचा सामन म्हणता येईल असा मासा. जातीने तो सामनचा नातेवाईक नाही. त्याचे कुळ हेरिंगचे. जीवनक्रम मात्र तसाच. वाढ समुद्रात, प्रजनन नदीच्या गोड्या पाण्यात. कोकणच्या बाजारात तो पाला म्हणून ओळखला जातो, बंगालमध्ये इलिश म्हणून. पावसाळ्यात नदीला पूर आला की हिल्साचे थवे बंगालच्या उपसागरातून प्रवाहाविरुद्ध निघतात. एकेकाळी ते बक्सर आणि वाराणसी ओलांडून प्रयागराजपर्यंत, काही वेळा त्याही पुढे कानपूर-आग्र्यापर्यंत पोहोचत.

१९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाला. कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा म्हणून गंगेचे पाणी भागीरथी-हुगळीकडे वळवणे, हा त्याचा हेतू. हल्दिया ते प्रयागराज हा राष्ट्रीय जलमार्ग १,६२० किलोमीटरांचा आहे आणि त्यात हल्दिया ते फराक्का हे अंतर सुमारे ५६० किलोमीटर. म्हणजे हिल्साच्या जुन्या वाटेचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग बंधाऱ्याच्या पलीकडे राहिला. बंधाऱ्यात माशांसाठी कुलूपद्वारे ठेवली होती. त्यांचा व्हावा तसा उपयोग झाला नाही. सामन उसळी मारून मत्स्यशिडीच्या पायऱ्या चढतो, हिल्सा तसा उडी मारणारा मासा नव्हे. बिहार आणि उत्तर प्रदेशातील हिल्साची मासेमारी काही वर्षांतच नाममात्र उरली. एका बंदरासाठी केलेल्या अभियांत्रिकीची किंमत शेकडो किलोमीटर दूरच्या मच्छीमारांनी चुकवली. ही किंमत प्रकल्पाच्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडली गेली, हे विचारण्याइतका आवाज त्यांना नव्हता.

असाच प्रसंग अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सामनच्या बाबतीत आधीच घडून गेला होता. कोलंबिया नदीवर १९३८ मध्ये बॉनव्हिल आणि १९४२ मध्ये ग्रँड कूली धरण उभे राहिले. ग्रँड कूलीला मत्स्यशिडी नव्हतीच; त्यामुळे वरच्या भागातील सामन कायमचा गेला. नुकसान भरून काढण्यासाठी १९३८ च्या मिचेल कायद्यान्वये सरकारी पैशातून मत्स्यबीज केंद्रे उभारण्याचा मार्ग खुला झाला. पुढे कोट्यवधी पिल्ले सोडली गेली. तरीही ज्या आदिवासी जमातींचे सारे जीवन सामनवर उभे होते, त्यांच्या वाट्याला मासा येईना. उलट जुन्या जागी जाळे टाकल्याबद्दल त्यांना अटक होई.

चित्र पालटले ते १९७४ मध्ये. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निर्णय दिला की, १८५४-५५ च्या करारांनुसार वॉशिंग्टन राज्यातील करारबद्ध जमातींना पकडण्याजोग्या सामनपैकी निम्म्या वाट्याचा हक्क आहे. हा वाटा ठरवायचा तर एकूण मासे किती, हे दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा रीतीने मोजावे लागणार होते. त्यामुळे जमातींनी स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमले, स्वतःची केंद्रे चालवली आणि राज्य सरकारच्या बरोबरीने त्या व्यवस्थापनाच्या भागीदार झाल्या. हक्क आधी मिळाला आणि त्याने मोजणी सुधारली, हा क्रम विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता मोजणीकडेच वळू. नदीतील मासे एकेक करून मोजता येत नाहीत. त्यासाठी खूण करून पुन्हा पकडण्याची पद्धत वापरतात. समजा, १,००० माशांना टॅग लावून ते नदीत सोडले. काही काळाने मच्छीमारांच्या जाळ्यांत ५०० मासे आले आणि त्यांत १० टॅग सापडले. पकडीतील टॅगचे प्रमाण पन्नासास एक आहे; तेव्हा नदीतही साधारण तेच असावे, असे धरले तर एकूण मासे सुमारे ५०,००० निघतात. हे गणित लिंकन-पीटरसन पद्धत म्हणून पाठ्यपुस्तकांत सापडते.

या प्रयोगातला शोधक, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ ज्याला डिटेक्टर म्हणतात तो, मच्छीमार आहे. त्याने दहापैकी पाचच टॅग परत केले आणि उरलेले पाण्यात फेकून दिले, तर तेच गणित १,००,००० मासे दाखवील. नदीत एकही मासा न वाढता कागदावर साठा दुप्पट होईल. डिटेक्टरची कार्यक्षमता ठाऊक नसताना मोजमाप जाहीर करणे कोणत्याही प्रयोगशाळेत खपणार नाही. तीच कसोटी नदीलाही लागू पडते.

मच्छीमार टॅग का लपवील? उत्तर अवघड नाही. हिल्सा वर चढतो तो पावसाळ्यात आणि प्रजननकाळ म्हणून मासेमारीवर निर्बंध असतात तेही याच दिवसांत. अशा वेळी टॅग लावलेला मासा घेऊन सरकारी कार्यालयात जाणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच नेऊन देणे. ज्याला शिक्षेची भीती आहे त्याच्याकडून प्रामाणिक नोंद मिळण्याची अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल.

वाराणसीतील दूधविनायक मोहल्ल्याच्या खालच्या घाटांवर याचे एक जुने उदाहरण पाहायला मिळते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबे पेशवाईपासून वसली आहेत. तेथील पायऱ्यांवरून रोज दिसणारा मल्लाह हा वल्हे मारणारा, यात्रेकरूंना पैलतीरी नेणारा, बुडणाऱ्याला वाचवणारा. त्याचे जाळे मात्र फारसे कुणाच्या नजरेस पडत नाही. मोहल्ल्यातील पुष्कळ स्वयंपाकघरांत मासा शिजत नाही; त्यामुळे नदीतून एखादी जात नाहीशी झाली तरी तिची उणीव ताटात जाणवत नाही. नदीला आई मानणाऱ्या वस्तीला नदीतील मासळीचा दुष्काळ कळू नये, यात कुणा एकाचा दोष नाही. पण अंतर मात्र खरे आहे.

रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा ७ किलोमीटरांचा नदीपात्राचा पट्टा १९८९ मध्ये कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. काशीचे बहुतेक सारे प्रमुख घाट त्यात आले. अर्धवट जळलेले मृतदेह कासवांनी खावेत आणि नदी स्वच्छ व्हावी, ही गंगा कृती योजनेतील कल्पना. सारनाथच्या केंद्रात अंडी उबवून हजारो पिल्ले नदीत सोडली गेली. पट्ट्यात मासेमारीस बंदी आली आणि मल्लाहांचे घरापुढचे पाणी त्यांच्यासाठी परके झाले. पुढे जलमार्गाची योजना आली. अभयारण्यातून गाळ उपसणे शक्य नव्हते. अखेर २०२० मध्ये या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. बंदी ३१ वर्षे राहिली ती कासवांच्या नावाने आणि उठली तेव्हा चर्चा होती जहाजांची. येताना किंवा जाताना, मच्छीमाराचे काय झाले याची मोजणी निर्णयाच्या केंद्रस्थानी नव्हती. तेव्हाही मोठ्या अक्षरांत छापला जाई तो सोडलेल्या पिल्लांचाच आकडा.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. मच्छीमारांचे हितसंबंध मध्ये आणले तर संवर्धन होणार कसे? मच्छरदाणीसारख्या बारीक विणीच्या जाळ्यांनी लहान पिल्ले मरतात, हे खरे आहे. प्रजननकाळात मासेमारी थांबायला हवी, हेही खरे. परंतु पोट भरण्याची दुसरी सोय नसताना घातलेली बंदी रात्रीच्या अंधारात मोडली जाते. आणि अंधारात झालेली पकड कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

बांगलादेशाने याच हिल्साबाबत वेगळा मार्ग धरला. तेथे प्रजननकाळात २२ दिवस मासेमारी पूर्ण बंद असते. हिल्साच्या पिल्लांना, ज्यांना तेथे जाटका म्हणतात, वेगळे संरक्षण आहे. बंदीच्या काळात नोंदणीकृत मच्छीमार कुटुंबांना सरकार तांदूळ देते. २००२-०३ मध्ये तेथील हिल्साचे उत्पादन सुमारे २ लाख टन होते. २०१७-१८ मध्ये ते ५ लाख टनांवर गेले. तांदूळ पुरत नाही, तो सर्वांपर्यंत पोहोचत नाही आणि कर्जाचे हप्ते तांदळाने फिटत नाहीत, अशा तक्रारी तेथेही आहेत. तरी मच्छीमाराचे बुडालेले उत्पन्न हा संवर्धनाच्या खर्चाचाच भाग आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. शिवाय तेथील हिल्साच्या वाटेवर फराक्का नाही, हा फरकही विसरता कामा नये. भारतात मत्स्यबीज सोडणे हा बंधाऱ्यावरचा उतारा आहे. तो लागू पडेल की नाही, हे बंधाऱ्याची दारे केव्हा आणि किती उघडतात यावर अवलंबून राहील. २०१९ मध्ये फराक्क्याच्या नव्या नौकाद्वाराविषयी सांगण्यात आले की, हंगामात रात्री १ ते पहाटे ५ या वेळेत ते हिल्सासाठी उघडे ठेवता येईल. अशा उपायाचे यश वरच्या प्रत्येक गावातील जाळ्यांत मोजता येईल आणि तेथेच ते मोजले पाहिजे.

म्हणून शासकीय संशोधनाने तीन गोष्टी कराव्यात. टॅग परत करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी असावी आणि त्याला त्याच दिवशी मोबदला मिळावा. बक्सरपासून प्रयागराजपर्यंतच्या मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना पकडीची दैनंदिन नोंद ठेवण्याचे सशुल्क काम द्यावे. मासा, वजन, जागा आणि मिळालेला भाव, एवढे चार रकाने पुरेत. भावाचा रकाना विसरून चालणार नाही. प्रयागराजच्या परिसरात पकडीत तिलापिया आणि सायप्रिनस या परक्या जातींचे प्रमाण वाढल्याचे संशोधकांनीच नोंदवले आहे. जाळे भरले म्हणजे घर चाललेच, असे मानता येत नाही. तिसरी गोष्ट, ही सारी नोंद खुली असावी, म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थी ती तपासू शकतील आणि घाटावरचा मल्लाहही तीवर बोट ठेवून ‘हे चुकले आहे’ असे म्हणू शकेल.

यावर होणारा खर्च संशोधनाबाहेरचा परोपकार मानू नये. तापमापकाचे अंशांकन करायला जो पैसा लागतो, त्याच जातीचा हा पैसा आहे. नदीच्या प्रयोगात सर्वांत जुने आणि सर्वांत दूरवर पसरलेले उपकरण मच्छीमाराच्या हातात आहे. पिढ्यान्पिढ्या ते त्याने स्वखर्चाने चालवले.

पुढच्या वेळी गंगेत इतके लाख मासे सोडले, अशी बातमी येईल तेव्हा वाचकाने आनंद जरूर मानावा आणि दुसराही आकडा विचारावा: मागच्या वर्षी सोडलेल्यांपैकी किती परत मिळाले, कोणत्या गावात, आणि ते पकडणाऱ्याला काय भाव मिळाला? या प्रश्नाचे उत्तर द्यायला संस्थेला मच्छीमाराच्या दारी जावेच लागेल.