पोराची नोकरी आणि बापाचं वावर



पारोळा असो की शिंदखेडा, बैठकीत कापसाच्या भावाचं बोलून झालं की मागून कोणीतरी विचारतंच, "भाऊ, पोरगा इंजिनिअर झाला. पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत जाऊ देऊ का?" काही जण म्हणतील, हा विषय शेतकरी संघटनेचा नाही. आम्ही म्हणतो, आहे. पोराच्या फीसाठी वावर गहाण पडतं, तेव्हा तो शेतीचाच प्रश्न होतो.

आधी चांगलं ते सांगू. पगार दर महिन्याला खात्यावर जमा होतो. पाऊस पडला की नाही, कोणी विचारत नाही. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, दवाखान्याचा विमा असतो. पगाराच्या चिठ्ठीवर बँक कर्ज देते, तिथे सातबारा लागत नाही. आपल्या लेकीही स्वतःच्या कमाईवर शहरात उभ्या राहिल्या. हे थोडं नाही. दोन एकर कोरडवाहूवर तीन भावांचे संसार चालत नाहीत, हे आम्ही सांगायला नको. शेती सोडून जाणाऱ्याला पळपुटा म्हणणारे आम्ही नाही.

आता दुसरी बाजू. लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत २०१३-१४ साली क्विंटलला ४,००० रुपये होती, २०२५-२६ साठी ८,११० ठरली. ती पदरात पडते का, हे तुम्ही जाणता. पण या मोठ्या कंपन्यांत साध्या इंजिनिअरचा सुरुवातीचा पगार पंधरा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-सव्वातीन लाख होता, तो अजून साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो. खोलीचं भाडं मात्र थांबलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाख कबूल केलेल्या नव्या पोरांना साडेतीन लाखांवर या, असं विचारलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. नोकरी सोडायची तर तीन-तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कंपनीकडे काम नसलं की पोरगा बेंचवर बसतो, जीव टांगणीला.

असं का? आवक जास्त, घेणारे मोजके, आणि भाव ठरवणारा समोरचा. ही मोंढ्याचीच गोष्ट आहे. फरक इतकाच, की आपण भावासाठी रस्त्यावर बसायला शिकलो. ही पोरं एकेकटी सही करतात.

विप्रोचा जन्म आपल्या अमळनेरचा. १९४५ साली वनस्पती तूप काढण्यासाठी ती निघाली आणि १९८० च्या सुमारास कॉम्प्युटरकडे वळली. गावातल्या ज्या कुटुंबांनी तिचे शेअर घेऊन दशकानुदशकं सांभाळले, ती करोडपती झाली. तेलबिया विकणाऱ्याला त्या दिवसाचा भाव मिळाला, कामगाराला त्या महिन्याचा पगार. भरभराट झाली ती ज्याचा वाटा होता त्याची.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. पोराला जाऊ द्या, पण हिशेब करून. पेरणीआधी आपण बियाणं, खत, निंदणी धरतो, तसं फी, खोली, खाणावळ धरा आणि हाती काय उरेल ते पाहा. करारातली दंडाची आणि नोटिशीची कलमं सही करण्याआधी वाचून घ्या. आणि नोकरीच्या आशेवर वावर विकू नका. गेलेली नोकरी पुन्हा मिळेल, गेलेलं वावर मिळणार नाही.

पोरांनो, तुम्हालाही एक सांगणं. गावी आलात की बैठकीला या. तुमचा बाप कापूस विकतो, तुम्ही अक्कल विकता. आपल्या मालाचा भाव कोण ठरवतो, हा दोघांचा सवाल एकच आहे.